सोसायटीच्या कमिटीत एकच एन्क्रिप्टेड फाइल सहा जणांना कशी द्यायची: पब्लिक कीचं काम, क्रमाने

सोसायटीच्या कमिटीकडे सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती असतात, भाडेकरूंचे करार आणि पोलिस व्हेरिफिकेशनचे कागद असतात, नॉमिनेशन फॉर्म, शेअर सर्टिफिकेटचे स्कॅन, बँकेचे तपशील, सगळंच असतं. आणि हे सगळं बहुतेक ठिकाणी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उघडं पडलेलं असतं, फार तर झिप करून पासवर्ड लावलेला असतो आणि तो पासवर्ड त्याच ग्रुपवर दोन मेसेज खाली टाकलेला असतो. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत हे, ते असे पडू देणं बरोबर नाही.

पब्लिक की एन्क्रिप्शनने, म्हणजे ठरलेल्या माणसांनाच उघडेल अशी फाइल कुलूपबंद करायच्या पद्धतीने, हे नीट करता येतं, फुकट करता येतं आणि कोणालाही कोणाचा पासवर्ड सांगावा लागत नाही. पण जे लोक हे करायला घेतात त्यांचं बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच जागी चुकतं, आणि चुकलंय हे कळतं तेव्हा फाइल कायमची बंद झालेली असते किंवा नको त्याच्याकडे गेलेली असते. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, मधला टप्पा गाळू नका.

## आधी एवढं समजून घ्या

प्रत्येकाच्या दोन कीज, म्हणजे चाव्या असतात: पब्लिक की सगळ्यांना द्यायची, तिने फाइल बंद होते; प्रायव्हेट की फक्त स्वतःजवळ ठेवायची, तिने फाइल उघडते. फाइल सहा जणांना द्यायची म्हणजे सहा वेगवेगळ्या फाइली करायच्या नसतात. सॉफ्टवेअर एक नवीन, फक्त त्याच फाइलपुरती चावी तयार करतं, फाइल त्या चावीने बंद करतं, आणि मग त्या चावीची एकेक प्रत प्रत्येकाच्या पब्लिक कीने वेगवेगळी बंद करून फाइलच्या सुरुवातीलाच जोडून ठेवतं. खालच्या लेटरबॉक्ससारखं समजा, फटीतून आत कोणीही टाकू शकतो पण उघडतो फक्त ज्याचा बॉक्स तोच. म्हणून एका माणसामागे फाइल जास्तीत जास्त काही शे बाइटने वाढते, २०० एमबीची फाइल सहा जणांना दिली तरी २०० एमबीच्या आसपासच राहते.

यातूनच दोन गोष्टी निघतात आणि त्या पुढे सारख्या लागणार आहेत. एक, एन्क्रिप्ट करताना ज्याचं नाव यादीत नव्हतं त्याला ती फाइल नंतर कधीच उघडता येणार नाही, ज्याने बनवली त्यालासुद्धा. दोन, बंद करून झालेल्या फाइलमधून एखाद्याचं नाव काढून टाकलं तरी त्याच्याकडे गेलेली प्रत परत येत नाही.

## तयारी: कागद-पेन घेऊन ठरवायच्या गोष्टी

कॉम्प्युटर उघडायच्या आधी हे लिहून काढा.

कोणती फाइल कोणाला दिसली पाहिजे? सगळ्या कमिटीला सगळं दिसायची गरज नसते. साधारण दोन याद्या पुरतात: सभासदांच्या कागदांसाठी अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कागद प्रत्यक्ष हाताळणारे एक-दोन सदस्य, बँकेच्या कागदांसाठी फक्त सही करणारे आणि अकाउंटंट. यादी जितकी लहान तितकं बरं, पण कुठल्याही फाइलला तीनपेक्षा कमी माणसं ठेवू नका, कारण एकाचा लॅपटॉप गेला आणि दुसरा मुलाकडे परदेशात गेला तर तिसरा लागतोच.

याद्यांचं रजिस्टर कोण सांभाळणार हेही ठरवा, बहुतेक ठिकाणी सचिव. कोणाची की कोणती, कधी तपासली, कधी संपते, एवढं त्यात हवं. हे रजिस्टर गुप्त नसतं, मिटिंगच्या वहीत लिहिलं तरी चालतं.

थांबा: "सोसायटीची एकच की बनवू आणि ती सगळ्यांना देऊ" ही कल्पना हमखास कोणीतरी मांडतं, ऐकायला सोपी वाटते. अजिबात करू नका. एकच प्रायव्हेट की सहा जणांकडे गेली की कोणाकडून फुटली ते कळत नाही, एकाला काढायचं तर सगळ्यांचीच की बदलावी लागते, आणि ती की एकमेकांना पाठवतानाच मेलमध्ये कायमची पडून राहते. प्रत्येकाची की वेगळी, प्रत्येकाने स्वतःच्या मशीनवर बनवलेली.

## टप्पा १: सॉफ्टवेअर

विंडोजवर जीपीजी४विन घ्या, त्याच्यासोबत क्लिओपात्रा नावाचा प्रोग्राम येतो, आपलं सगळं काम त्यातच होतं. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. डाउनलोडच्या आधी देणगीचं पान येतं, तिथे शून्य निवडलं तरी पुढे जाता येतं, लोक तिथूनच परत फिरतात आणि मग कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवतात. मॅकवर जीपीजी सूट, लिनक्सवर क्लिओपात्राच, अँड्रॉइडवर ओपनकीचेन. सगळे ओपनपीजीपी हाच ठरलेला फॉरमॅट वापरतात त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडते. खाली मी क्लिओपात्रा धरूनच सांगतोय.

सोसायटीच्या ऑफिसातला जो कॉम्प्युटर वॉचमनपासून सगळे वापरतात त्याच्यावर कोणीही आपली की बनवू नका. पासफ्रेज, म्हणजे आपल्या प्रायव्हेट कीचा लांब पासवर्ड, एकदा टाकला की प्रोग्राम तो आपोआप काही वेळ लक्षात ठेवतो, साधारण १० मिनिटं, आणि सारखं वापरत राहिलं तर २ तासांपर्यंत. तेवढ्यात दुसरं कोणी खुर्चीत बसलं तर त्याला फाइल उघडते.

## टप्पा २: प्रत्येकाने आपली की बनवायची

क्लिओपात्रात फाइल मेनूत नवीन ओपनपीजीपी की पेअर बनवायचा पर्याय आहे. नाव आणि ईमेल टाका. ईमेल स्वतःचा टाका, सोसायटीचा कॉमन ईमेल टाकला तर सहा कीज एकाच ईमेलच्या दिसतात आणि निवडताना गोंधळ होतो.

त्याच खिडकीत पासफ्रेजने की सुरक्षित करायचा एक चौकोन असतो. तो टिक आहे का बघा. तो रिकामा राहिला तर की विनापासफ्रेजची बनते, म्हणजे लॅपटॉप ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं.

पासफ्रेज लांब ठेवा, पाच-सहा एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. फ्लॅट नंबर, मुलीचं नाव, जन्मसाल हे नको. कीचा प्रकार आणि मुदत प्रोग्राम स्वतः सुचवतो तसंच राहू द्या, मुदत काढून टाकू नका. मुदत संपली म्हणजे जुन्या फाइली उघडणं बंद होतं असं नाही, फक्त त्या कीसाठी नवीन फाइल एन्क्रिप्ट करता येत नाही, आणि मुदत नंतर वाढवताही येते.

## टप्पा ३: बॅकअप, आणि तो आत्ताच

हा टप्पा लोक "नंतर करू" म्हणून ठेवतात. इथे पासवर्ड विसरला की ओटीपी येत नाही, कंपनीला फोन करून काही होत नाही. प्रायव्हेट की गेली की गेली.

आपल्या कीवर राइट क्लिक करून सीक्रेट कीचा (म्हणजे प्रायव्हेट कीचाच) बॅकअप घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, पेनड्राइव्ह घरातल्या कपाटात. पासफ्रेज कागदावर लिहायचा तर तो कागद दुसरीकडे, पेनड्राइव्हच्या पाकिटात नाही. रिव्होकेशन सर्टिफिकेटही काढून ठेवा, की चोरीला गेली तर "ही की आता वापरू नका" हे बाकीच्यांना कळवायला ते लागतं. ते बॅकअपपासून वेगळं ठेवा, कारण ज्याच्या हातात ते पडेल तो तुमची की बाद करू शकतो.

तपासा: शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या स्वतःच्या मशीनवर तो बॅकअप इंपोर्ट करून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप आहे असं धरू नका.

## टप्पा ४: पब्लिक की एकमेकांना देणं

आपल्या कीवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट. एक डॉट एएससी फाइल मिळते. ही कोणालाही द्या, मेल करा, ग्रुपवर टाका, ती उघड असण्यासाठीच आहे.

थांबा: पाठवायच्या आधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ वाचा. तिथे "पब्लिक की ब्लॉक" असं इंग्रजीत लिहिलेलं पाहिजे. "प्रायव्हेट की ब्लॉक" असेल तर तुम्ही बॅकअपची फाइल उचललीये. ती चुकून गेलीच तर डिलीट फॉर एव्हरीवनवर समाधान मानू नका, ती की बाद करा आणि नवीन बनवा.

मग प्रत्येकाने बाकी पाच जणांच्या फाइली इंपोर्ट करायच्या. सहा जण असतील तर प्रत्येकाच्या क्लिओपात्रात सहा नावं दिसली पाहिजेत.

## टप्पा ५: ही की खरंच त्याचीच आहे का

सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि नेमका हाच टप्पा सर्रास गाळला जातो.

की बनवताना नाव आणि ईमेल कोणीही काहीही टाकू शकतो, प्रोग्राम विचारत नाही. कोणी खजिनदाराच्या नावाने की बनवून त्याच्याच नावाच्या बनावट मेलवरून पाठवली आणि तुम्ही ती घेतली, तर तुम्ही अगदी मनापासून एन्क्रिप्शन करून बँकेचे कागद त्या भामट्याला पाठवाल. एन्क्रिप्शन कितीही पक्कं असलं तरी यात काही वाचत नाही.

म्हणून फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासायचा. कीवर डबल क्लिक केलं की दिसतो, ४० अक्षरं, चार-चारच्या दहा गटांत, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. एकाने स्वतःच्या स्क्रीनवरून वाचायचा, दुसऱ्याने आपल्याकडे इंपोर्ट झालेल्या कीवर गट-गट जुळवायचा. कमिटीच्या मिटिंगमध्ये समोरासमोर केलं तर उत्तम, दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यांचं होतं. नाहीतर फोनवर, आवाज ओळखीचा असेल तर. फोनवर बी, सी, डी, ई सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली असं म्हणा.

चुका इथे ठरलेल्या आहेत. एक, फक्त शेवटची आठ अक्षरं बघणं. शेवटची आठ अक्षरं जुळणारी वेगळी की साध्या कॉम्प्युटरवरही बनवता येते, त्यामुळे पूर्ण चाळीस बघा. दोन, ज्या मेलमधून की आली त्याच मेलमध्ये लिहिलेला फिंगरप्रिंट जुळवणं, ज्याने खोटी की पाठवली तो खोटा फिंगरप्रिंटही पाठवणारच ना. तीन, व्हॉट्सॲपवर "जुळला का?" "हो जुळला" एवढ्यावर काम संपवणं.

जुळला की त्या कीवर सर्टिफाय करा. म्हणजे "ही मी तपासली" अशी तुमची खूण तिच्यावर बसते आणि पुढे निवडताना तपासलेली कोणती, न तपासलेली कोणती ते लगेच दिसतं.

तपासा: यादीतली एकही की सर्टिफाय न केलेली राहिली असेल तर पुढे जाऊ नका. एक माणूस गावाला गेलाय म्हणून त्याची की न तपासता घ्यायची नाही, तो परत येईपर्यंत त्याला यादीबाहेर ठेवा.

## टप्पा ६: ग्रुप बनवा

दर वेळी सहा नावं हाताने निवडताना कधीतरी एक सुटतं, आणि सुटलेल्याला ते महिन्याने कळतं. क्लिओपात्रात कीजचा ग्रुप करायची सोय आहे. "कमिटी" आणि "बँक" असे दोन ग्रुप करा. हा ग्रुप फक्त तुमच्या मशीनवर असतो, दुसऱ्याकडे आपोआप जात नाही, त्यामुळे जो जो फाइली एन्क्रिप्ट करणार त्या प्रत्येकाने आपल्याकडे बनवायचा आणि रजिस्टरशी ताडून बघायचा.

टर्मिनलवर काम करणाऱ्यांना, कॉन्फिग फाइलमध्ये ग्रुप ठरवलेला नसेल तर, प्रत्येक माणसासाठी रेसिपियंटचा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो, सहा जण तर सहा वेळा. आणि कॉन्फिग फाइलमध्ये एन्क्रिप्ट-टू या ऑप्शनपुढे स्वतःची की घालून ठेवा, म्हणजे स्वतःलाच विसरायची वेळ येणार नाही.

## टप्पा ७: एन्क्रिप्ट करणं

आता प्रत्यक्ष काम, आणि ते दोन मिनिटांचं आहे. क्लिओपात्रात साइन/एन्क्रिप्ट दाबा, फाइल किंवा अख्खं फोल्डर निवडा. पुढच्या खिडकीत चार गोष्टी बघायच्या:

१. साइन ॲज: टिक हवंच. तुमची पब्लिक की सगळ्यांकडे आहे म्हणजे कोणीही तुमच्यासाठी फाइल बनवू शकतो, एन्क्रिप्टेड आहे यावरून ती कोणी पाठवली हे सिद्ध होत नाही. सही असेल तर उघडणाऱ्याला कळतं की ही खरंच सचिवांकडून आली आणि मध्ये बदललेली नाही.

२. एन्क्रिप्ट फॉर मी: हेही टिक. हे नसेल तर प्रोग्राम इशारा देतो की तुम्हाला स्वतःला फाइल उघडता येणार नाही, आणि लोक घाईत तो इशारा न वाचता पुढे जातात.

३. एन्क्रिप्ट फॉर अदर्स: इथे ग्रुपचं नाव. कोणाची मुदत संपलेली असेल तर इथेच अडेल, त्याला मुदत वाढवून पब्लिक की परत पाठवायला सांगा आणि ती पुन्हा इंपोर्ट करा. "त्याला वगळून आत्ता करून टाकू" करू नका.

४. पासवर्डने एन्क्रिप्ट करायचा पर्याय: रिकामा सोडा. तो टिक केला तर फाइल की असणाऱ्यांनाही उघडते आणि पासवर्ड माहीत असलेल्या कोणालाही उघडते, मग एवढं फिंगरप्रिंट वाचून काय उपयोग झाला.

फाइलचं नाव एन्क्रिप्ट होत नाही हे लक्षात ठेवा. "५०२ भाडेकरू आधार" असं नाव ठेवलं तर फाइल न उघडताही बरंच कळतं. साधं नाव ठेवा, "कागद-०७" वगैरे, आणि कशात काय आहे ती यादी एन्क्रिप्टेड फाइलच्या आत. तसंच फाइल कोणाकोणाच्या कीसाठी बनवलीये ते की आयडीही बाहेरून वाचता येतात. सोसायटीच्या कामाला त्याने फार बिघडत नाही, पण माहीत असावं.

## टप्पा ८: उघडून बघा, मगच मूळ फाइल काढा

डॉट जीपीजी फाइल ड्राइव्हवर टाका आणि स्वतः सोडून निदान दोघांना ती उतरवून उघडायला सांगा. "उघडली" एवढं पुरेसं नाही, आतला कागद दिसतोय का आणि सही कोणाची दाखवतंय हे त्यांनी सांगायला हवं. दोघांचं झालं की मग मूळ उघडी फाइल डिलीट करा.

आणि डिलीट म्हणजे सगळीकडून: रिसायकल बिन, डाउनलोड्स फोल्डर, मेलचा सेंट बॉक्स, ज्या फोनने स्कॅन केलं त्याची गॅलरी, व्हॉट्सॲप. एसएसडीवर डिलीट केलेली फाइल खात्रीने पुसली जाईलच असं नाही, त्यामुळे ज्या लॅपटॉपवर हे काम चालतं त्याची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर फार बरं, विंडोजच्या प्रो व्हर्जनमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे.

## टप्पा ९: रोजच्या वापरात कुठे उघडायची

ही चूक सगळ्यात गुपचूप होते. लॅपटॉपवर ड्राइव्हचं सिंक होणारं फोल्डर असतं, त्यातच एन्क्रिप्टेड फाइल असते, माणूस तिथेच डबल क्लिक करतो, उघडी फाइल त्याच फोल्डरमध्ये सेव्ह होते आणि काही सेकंदांत ड्राइव्हवर चढते. म्हणजे बंद फाइलच्या शेजारी उघडी फाइल, सगळ्यांसाठी.

म्हणून आधी सिंक नसलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथे उघडा, काम करा, पुन्हा एन्क्रिप्ट करा पूर्ण ग्रुपसाठी, आणि फक्त डॉट जीपीजी फाइल वर चढवा. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससुद्धा वनड्राइव्हला जोडलेले असू शकतात, ते एकदा सेटिंगमध्ये बघून घ्या.

दोघांनी एकाच वेळी तीच फाइल उघडून बदलली तर एकाचं काम जातं, एन्क्रिप्टेड फाइल एकत्र जोडता येत नाही. बदल करायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर "मी घेतोय" आणि झाल्यावर "टाकली" एवढं लिहा. जे रजिस्टर रोज तिघं-चौघं बदलतात त्याला ही पद्धत जाचक होईल, ही सांभाळून ठेवायच्या आणि अधूनमधून लागणाऱ्या कागदांसाठी आहे.

## टप्पा १०: माणसं बदलली तर

कमिटीची मुदत पाच वर्षांची, पण मधेच राजीनामे होतात, फ्लॅट विकले जातात. त्यामुळे हे येणारच.

नवीन माणूस आला: टप्पा २ ते ५ त्याच्यासोबत पूर्ण करा, ग्रुपमध्ये घाला. जुन्या फाइली त्याला आपोआप उघडणार नाहीत, आधीच्या यादीतल्या कोणीतरी त्या उघडून नवीन यादीसाठी परत एन्क्रिप्ट कराव्या लागतात. इथे बरेच जण फक्त नवीन माणसालाच निवडतात आणि जुन्या फाइलवर नवी चढवतात, मग बाकी सगळे बाहेर. पूर्ण ग्रुप निवडा.

माणूस गेला: आधी ग्रुपमधून त्याची की काढा, प्रत्येकाच्या मशीनवर. मग सगळ्या चालू फाइली नव्या यादीसाठी परत एन्क्रिप्ट करा. ड्राइव्हवरचा त्याचा ॲक्सेस काढा आणि फाइलच्या जुन्या व्हर्जन्सही काढा, कारण गूगल ड्राइव्ह जुनं व्हर्जन साधारण ३० दिवस ठेवतं आणि ते जुन्या यादीचं असतं, म्हणजे त्याच्या कीने उघडतं. ट्रॅशसुद्धा रिकामी करा.

जे त्याने आधीच उतरवून घेतलंय ते परत घेता येत नाही, हे मिटिंगमध्ये स्पष्ट बोला. म्हणून फाइलींत जे बदलता येण्यासारखं आहे, सीसीटीव्हीचा पासवर्ड, नेटबँकिंगचं लॉगिन, सोसायटीच्या मेलचा पासवर्ड, ते त्याच दिवशी बदला. बँकेतली सही बदलायचा अर्जही त्याच मिटिंगच्या ठरावासोबत.

की चोरीला गेली किंवा लॅपटॉप हरवला तरी हेच सगळं, फक्त सुरुवात रिव्होकेशन सर्टिफिकेटपासून. ते इंपोर्ट करून बाद झालेली पब्लिक की बाकीच्यांना पाठवा, आणि त्या प्रत्येकाने ती आपल्याकडे इंपोर्ट केली का ते विचारा, नाही केली तर त्यांचं क्लिओपात्रा जुनीच की चालू समजून बसतं.

गेलेल्या खजिनदाराची पब्लिक की ग्रुपमधून काढायची, पण क्लिओपात्राच्या यादीतून डिलीट करू नका. त्याने सही करून ठेवलेल्या मागच्या वर्षांच्या फाइली ऑडिटच्या वेळी उघडल्या जातात, तेव्हा ती सही त्याचीच आहे हे तपासायला ती की लागते.